लशीचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी चौथ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती आणि महाप्रसाद यांच्या मधली वेळ मला दिल्याबद्दल आभार मानतो. वक्त्याला यापेक्षा अवघड वेळ नाही. मागून मसालेभाताचा वास येतो आहे आणि मला त्याच्याशी स्पर्धा करायची नाही. तेव्हा आटोपशीर बोलेन.

दोन महिन्यांपूर्वी सांस्कृतिक समितीच्या काकूंचा फोन आला. "दरवर्षी बाहेरून वक्ता आणतो, यंदा आपल्यातलाच बघू. तुम्ही नक्की काय काम करता हो?" मी म्हटलं, "मॉडेलिंग." पलीकडे बराच वेळ शांतता. मग अगदी हळू आवाजात, "या वयात?"

तर ते मॉडेलिंग नव्हे. मी मूळचा संख्याशास्त्राचा विद्यार्थी. गेली वीस वर्षे दिल्लीत एका संशोधन संस्थेत बसून लशींचा हिशेब करतो. एखादी लस सरकारने सर्व मुलांना फुकट द्यायची ठरवली तर किती मुले वाचतील, किती खर्च येईल, आणि तेवढे पैसे त्यात घालणे योग्य आहे का, हे कागदावर मांडायचे. कागद म्हणजे आता संगणक. करोनाच्या काळात, २०२० साली, 'मॉडेल' हा शब्द टीव्हीवर इतक्या वेळा आला की सगळ्यांना ठाऊक झाला आणि थोडा बदनामही झाला. मी आज करोनाबद्दल बोलणार नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या देशात लहान मुलांचे प्राण घेणारा जो छातीचा आजार आहे, त्या न्यूमोनियाबद्दल बोलणार आहे.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाच्या आतली सूज. फुप्फुसातल्या ज्या बारीक पिशव्यांत हवा असायला हवी त्यांत पू आणि पाणी साचते, मूल धापा टाकू लागते. ओळखायचा कसा? मोठमोठ्या यंत्रांच्या आधी साधे मोजणे आहे. मूल शांत असताना मिनिटभर त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. छाती आत ओढली जात असेल तर थेट इस्पितळ. इथे बसलेल्या आजी-आजोबांनी हे तीन आकडे लक्षात ठेवले तरी माझे आजचे काम झाले.

हे मोजण्याचे काम डॉक्टरशिवाय होऊ शकते, हे आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना त्यांनी श्वास मोजायला आणि गोळ्या द्यायला शिकवले. ज्यांना अंक वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असे साधे उपकरण केले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला. जिथे हे काम झाले त्या गावांत मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या भागापेक्षा निम्म्याहून कमी होते. जगभर आमच्या धंद्यात गडचिरोली हे नाव माहीत आहे. उच्चार मात्र काहीही करतात.

आता हिशेबाकडे वळतो. हिशेबाला पहिली गोष्ट लागते ती म्हणजे किती मुले या आजाराने जातात. तुम्हाला वाटेल, सरकारकडे नोंद असेलच. तिथेच पहिली अडचण येते. आपल्याकडे बरीचशी बाळे घरीच गेली. मृत्यूचा दाखला नाही, आणि असलाच तर त्यावर कारण नाही. मग काय करायचे? भारताचे महानिबंधक कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांच्या गटाने एक फार मोठा उद्योग केला. देशभरातल्या नमुना घरांत माणसे पाठवली, घरच्यांना विचारले की बाळाला काय झाले होते, ताप होता का, धाप होती का, किती दिवस. ती उत्तरे दोन डॉक्टरांनी वेगवेगळी वाचून कारण ठरवले. त्यावरून २०१० साली जो आकडा आला तो असा: २००५ या एका वर्षात भारतात पाच वर्षांखालची सुमारे २३ लाख ५० हजार मुले दगावली. त्यांतली पहिला महिना पार करून मग गेलेली १३ लाख ४० हजार, आणि त्यांतली ३ लाख ७० हजार न्यूमोनियाने. एका आजाराने, एका वर्षात.

त्याच अहवालात आणखी एक वाक्य आहे. मध्य भारतातल्या मुलींचा न्यूमोनियाने होणारा मृत्युदर दक्षिण भारतातल्या मुलग्यांच्या पाचपट होता. ते वाक्य मी त्या वेळी वाचले, पेन्सिलीने खूण केली आणि पुढे गेलो. त्याकडे परत येतो.

दुसरी अडचण अशी, की न्यूमोनिया हे एका जंतूचे काम नाही. न्यूमोकोकस आहे, हिब आहे, आरएसव्ही नावाचा विषाणू आहे, फ्लू आहे. लस मात्र एकेका जंतूची. मग न्यूमोकोकसचा वाटा किती? बाळाचे फुप्फुस उघडून तर पाहता येत नाही. रक्त तपासावे तर त्यात जंतू क्वचितच सापडतो. यावर शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली ती मला आजही फार आवडते. समजा तुमच्या घराचे विजेचे बिल भरमसाट येते आणि गीझर किती वीज खातो हे कळत नाही. काय कराल? महिनाभर गीझर बंद ठेवाल आणि बिल किती कमी आले ते पाहाल. तसेच. निम्म्या मुलांना लस द्यायची, निम्म्यांना नाही, आणि एकूण न्यूमोनिया किती कमी झाला ते मोजायचे. जेवढा कमी झाला तेवढा तरी त्या जंतूचा होता.

गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या देशात १७ हजारांहून जास्त बाळांवर न्यूमोकोकसच्या लशीची अशी चाचणी झाली. २००५ साली निकाल लागला. एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्क्यांनी कमी, आणि सगळ्या कारणांचे मिळून मृत्यू १६ टक्क्यांनी कमी. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर हिबच्या लशीची अशीच चाचणी ५५ हजार मुलांवर झाली. तिथे एक्स-रेवर काहीच फरक दिसला नाही, पण डॉक्टरने छाती तपासून ठरवलेला न्यूमोनिया मात्र थोड्या टक्क्यांनी घटला. ते टक्के थोडेच, पण आजार इतका सार्वत्रिक की मुलांची संख्या मोठी भरली. म्हणजे कुठला न्यूमोनिया मोजायचा यावरच उत्तर बदलते. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी हे दोन निबंध एकापाठोपाठ एक वाचायला देतो. आठवडाभर ती गोंधळलेली असतात. ते बरेच आहे.

आता प्रत्यक्ष गणित. आकडे सोपे जावेत म्हणून मनचे घेतो, ते कुठल्या खऱ्या जिल्ह्याचे नाहीत. एक जिल्हा, त्यात वर्षाला एक लाख बाळे जन्मतात. त्यांतली ६०० पाच वर्षांची व्हायच्या आत न्यूमोनियाने जातात. त्यांतला एक तृतीयांश वाटा न्यूमोकोकसचा धरला तर २००. या जंतूचे शंभराच्या वर उपप्रकार आहेत आणि लशीत त्यांतले मोजकेच असतात. ते मोजके ७० टक्के आजाराला जबाबदार आहेत असे धरू. उरले १४०. लस १०० टक्के काम करीत नाही, ८० टक्के धरा. ११२. आणि लस शंभर मुलांपैकी पंचाहत्तरांपर्यंतच पोहोचते. ८४. सहाशेपासून निघालो आणि चौऱ्याऐंशीला आलो. बहुतेक मंत्री इथे खुर्चीत मागे टेकतात.

मग खर्च. पंचाहत्तर हजार मुले, प्रत्येकी तीन डोस, म्हणजे सव्वादोन लाख डोस. लस १५० रुपयांना आणि ती शीतपेटीतून गावापर्यंत नेऊन टोचण्याचा खर्च ५० रुपये धरला तर साडेचार कोटी रुपये. भागिले चौऱ्याऐंशी. एका मुलाला वाचवायला सुमारे पाच लाख छत्तीस हजार. पण हीच लस खासगी दवाखान्यात एका डोसला तीन-चार हजारांना मिळत आली आहे, इथल्या तरुण आईवडिलांनी पावत्या पाहिल्या असतील. साडेतीन हजार धरून तेच गणित करा. ऐंशी कोटी रुपये, आणि एका मुलामागे पंचाण्णव लाख. जिल्हा तोच, जंतू तोच, मुले तीच. फक्त किंमत बदलली आणि 'अवश्य करा' याचे 'परवडत नाही' झाले.

म्हणून या लशीची खरी गोष्ट किंमत कशी उतरली ही आहे. ही लस अमेरिकेत २००० साली आली. गरीब देशांसाठी ती बनवण्यात कंपन्यांना रस नव्हता, कारण गिऱ्हाईकाच्या खिशात पैसे नाहीत. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली होती: पैसे आधी बाजूला काढून ठेवा आणि जाहीर करा की जो कोणी गरीब देशांना चालेल अशी लस ठरलेल्या कमी किमतीत देईल त्याला इतके डोस घेण्याची हमी. २००९ साली इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी दीड अब्ज डॉलर त्यासाठी ठेवले. कंपन्यांना देशांकडून मिळायची किंमत डोसला साडेतीन डॉलरच्या वर जाणार नाही असे ठरले. याच क्रेमर यांना २०१९ साली नोबेल मिळाले, एस्थर दुफ्लो आणि अभिजित बॅनर्जी यांच्याबरोबर. (बॅनर्जींच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर. हे सांगितल्याशिवाय मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून खाली उतरणे मला अशक्य आहे.)

पुढचा टप्पा पुण्यात झाला. सीरम इन्स्टिट्यूटने दहा उपप्रकारांची लस तयार केली. तिच्या चाचण्या गांबियातच झाल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. गरीब देशांसाठी तिचा भाव तेव्हा डोसला दोन डॉलर होता. ही लस करताना उपप्रकार निवडले ते आशिया-आफ्रिकेत जास्त आढळणारे, हेही महत्त्वाचे. आमच्या गणितातला तो ७० टक्क्यांचा आकडा तिथे ठरतो. आणि तो कायम राहत नाही. अमेरिकेत सात उपप्रकारांच्या लशीने ते सात मागे हटले, तेव्हा १९ए नावाच्या आठव्याने जागा घेतली. २०१० साली तेरा उपप्रकारांची लस आणावी लागली तेव्हा तो आवरला. दुसरीकडे एक सुखद धक्काही बसला. लस दिली नातवंडांना आणि आजार कमी झाला आजी-आजोबांचा, कारण घरात जंतू आणणारी नातवंडेच होती.

इथवर सगळे तुम्हाला पटले असेल. आता जिथे मी स्वतः अडलो ते सांगतो.

सरकारला 'एका मुलामागे इतके' हे पुरत नाही. कर्करोगाचे औषध, डायलिसिस, लस, सगळे एका तराजूत घालायचे तर वाचलेली आयुष्याची वर्षे मोजतात. सत्तर वर्षे जगणारे मूल वाचले तर सत्तर वर्षे वाचली. पण तसे लिहीत नाहीत. इथे बँकेतली मंडळी आहेत, त्यांना लगेच कळेल. आजचे शंभर रुपये आणि दहा वर्षांनंतरचे शंभर रुपये सारखे नसतात, तसे पुढच्या काळातले आयुष्यही दरसाल तीन टक्क्यांनी कमी धरायची पद्धत आहे. त्या हिशेबाने सत्तर वर्षांचे आयुष्य २९ वर्षांचे उरते. याला शास्त्रीय कारणे आहेत, आणि मी ती वर्गात शिकवतो. जगाच्या आजारांची मोजदाद करणाऱ्या मोठ्या अभ्यासाने २०१० च्या आवृत्तीपासून ही कपात सोडून दिली. खर्चाच्या अभ्यासांत मात्र ती अजून सर्रास चालते. वर्षामागचा खर्च देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या तिपटीच्या आत असला की परवडते असा एक ठोकताळाही २००१ पासून होता. जागतिक आरोग्य संघटनेच्याच तज्ज्ञांनी २०१६ साली लिहिले की तो असा डोळे मिटून वापरू नका. लोक अजून वापरतात.

२०१६ च्या हिवाळ्यात मी असाच एक तक्ता घरी घेऊन बसलो होतो. बाहेर दिल्लीचा तो धूर, खिडक्या बंद. माझी आई त्या सुमारास वर्धा जिल्ह्यातून, आर्वीजवळच्या आमच्या गावाहून, कायमची इथे राहायला आली होती. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण हिशेबात माझ्यापेक्षा पक्की. तिने विचारले, "काय रे करतोस रात्ररात्र?" मी तिला हे सगळे सांगितले, जसे आज तुम्हाला सांगतो आहे तसेच. सत्तरचे २९ होतात हे ऐकून ती म्हणाली, "बाकीची कुठं गेली?" मी व्याजाचे सांगितले. व्याज तिला नीट माहीत आहे, सावकाराचे पाहिलेले आहे. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आपल्या बेबीची किती धरली असती?"

माझ्या आधी मला एक बहीण होती हे मला ठाऊक होते. १९७१ च्या दिवाळीनंतर, आठ महिन्यांची असताना ती गेली, एवढेच. घरात त्यावर बोलणे होत नसे. तिचा फोटो नाही. तिची नोंद कुठे आहे का म्हणून मी नंतर ग्रामपंचायतीत पाहिले, ना जन्माची ना मृत्यूची. त्या रात्री आईने पहिल्यांदा सांगितले. चार दिवस ताप, मग धाप. आजी म्हणाली सर्दी आहे, ओव्याच्या पुरचुंडीने छाती शेका. शेकली. पाचव्या दिवशी पहाटे बाळ गेले.

यात नवल काही नाही, तशी हजारो घरे होती. पण मी १९७४ चा. मलाही दहाव्या महिन्यात तसाच ताप आणि तशीच धाप लागली. मला दुसऱ्याच दिवशी बैलगाडीने आणि मग एस.टी.ने सेवाग्रामच्या इस्पितळात नेले. मी तिथे अकरा दिवस होतो. आईच्या पाटल्या त्यात गहाण पडल्या आणि परत आल्या नाहीत. ही पाटल्यांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, घरात ती कौतुकाने सांगितली जायची. मी आईला म्हटले, "तेव्हा आपल्याकडे पैसे असते तर बेबीलाही नेले असते."

आई म्हणाली, "तिच्या वेळेला बी पाटल्या होत्याच ना रे."

हे मी तिला विचारून आज सांगतो आहे. ती म्हणाली, सांग.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन तो पेन्सिलीची खूण केलेला निबंध काढला. आमच्या तक्त्यात 'आजारी मूल इस्पितळात पोहोचण्याची शक्यता' असा एक आकडा होता. एकच आकडा, सगळ्या मुलांना. मुलगा-मुलगी असा भेद आम्ही केलाच नव्हता. कारण विचाराल तर वेगळी माहिती मिळवणे कटकटीचे होते आणि मागितलीही कोणी नव्हती. सहकाऱ्यांशी बोलून आम्ही तो आकडा दोनात फोडला. मग एक गोष्ट दिसली. तिचा अंदाज यायला हवा होता, पण तोवर आला नव्हता. उपचारांत निवड असते. आजारी पडल्यावर कोणाला न्यायचे, किती दिवस थांबायचे, काय गहाण टाकायचे, हे घर ठरवते. लस अशा दिवशी टोचली जाते जेव्हा बाळ हसतखेळत असते, खर्च नसतो, आणि दाराशी आलेली आशाताई घरातली सगळी बाळे घेऊन या म्हणते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक ते दोन वर्षांच्या मुलांचे पूर्ण लसीकरण ७६ टक्क्यांवर होते, आणि मुलगे व मुली यांच्यात फरक जवळजवळ नव्हता. म्हणजे ज्या घरात मुलीला इस्पितळात नेणार नाहीत त्याच घरात तिला लस मिळते. हिशेबात याचा अर्थ असा, की लशीचा फायदा मुलींना जास्त. आमचा एकच आकडा तो लपवत होता.

तक्ता बदलला म्हणून दिल्लीत कोणाचे मन बदलले असा माझा दावा नाही. निर्णय कितीतरी लोकांच्या कितीतरी वर्षांच्या कामाने होतात. १३ मे २०१७ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी इथे ही लस सरकारी कार्यक्रमात सुरू झाली. पहिल्या टप्प्यात हिमाचल आणि बिहार, उत्तर प्रदेशचे काही जिल्हे मिळून सुमारे २१ लाख बाळे होती. मग राजस्थान आणि मध्य प्रदेश. २०२१ साली ती देशभर लागू झाली. काही राज्यांतून सुरुवात का, असे लोक विचारतात. पैसे मर्यादित असले की जिथे मृत्यू जास्त तिथे आधी, हे आमचे उत्तर. पण ज्या जिल्ह्यात २०१७ ते २०२१ ही चार वर्षे लस पोहोचली नाही, तिथे ती चार वर्षे कोणीतरी मोजायला हवीत. विलंबाचा खर्च अंदाजपत्रकात कधी दिसत नाही.

घरांच्या खर्चाबद्दलही दोन शब्द बोलतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगणकावर भारताची कुटुंबे उभी करून हिशेब केला होता. ७७ टक्के मुलांपर्यंत लस पोहोचली तर वर्षाला सुमारे ३४,८०० मृत्यू टळतील, आणि कुटुंबांच्या खिशातून जाणारे जवळपास चार कोटी ८७ लाख डॉलर वाचतील, असे त्यात होते. हे खिशातले पैसे म्हणजे काय हे इस्पितळाच्या व्हरांड्यात बसल्याशिवाय कळत नाही. खाट फुकट असते. पण बाहेरून आणायचे औषध, एक्स-रे, रिक्षा, बापाची बुडालेली मजुरी, थोरल्या पोराला सांभाळायला गावाहून आजीला आणण्याचे भाडे, आणि घेतलेल्या उसनवारीचे व्याज. त्या व्याजावर कोणी तीन टक्के कपात करीत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न आताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर पंगतीत माझा भात निवणार नाही. सरकारी कार्यक्रमात ही लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा, फुकट देतात. आपल्या मुलांना बहुतेकांनी खासगीत दिली असेल, हरकत नाही. पण घरी कामाला येणाऱ्या बायकांना, सोसायटीच्या पहारेकऱ्यांना ही फुकट मिळते हे ठाऊक असते असे नाही. त्यांच्या बाळाचे कार्ड एकदा बघा. ज्येष्ठांसाठी न्यूमोकोकसची लस आहे, पण ती सरकारी कार्यक्रमात नाही. मधुमेह किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते तीही विचारा. आरएसव्हीसाठी गरोदर आईला द्यायच्या लशीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. तिचा आपल्यासाठीचा हिशेब म्हणजे पुन्हा किंमत, आणि ते तक्ते सध्या माझ्या टेबलावर आहेत. यंदा पहिल्या दिवसापासून मुलगे आणि मुली वेगळे मांडले आहेत.

आमच्याकडे धुणीभांडी करणारी जी मुलगी येते तिला डिसेंबरात मुलगी झाली. त्यांची खोली गळते, म्हणून बाळाचे लशीचे कार्ड आईने आमच्या घरी, फ्रिजवर, विजेच्या बिलांच्या खाली ठेवून घेतले आहे. दोन शिक्के झाले आहेत. तिसरा राहिला आहे. आमच्या दवाखान्यात बुधवारी लस टोचतात, आणि येत्या बुधवारी आई स्वतः त्यांच्याबरोबर जाणार आहे. तिचे गुडघे दुखतात, मी रिक्षा करून देतो म्हटले, तर म्हणाली, "मला भाव माहीत आहे."

काकू खूण करीत आहेत. थांबतो.